कागदावर उरलेली पिन

पिन — दोन पायांची, एका गोल डोक्याची, बायकांच्या केसांतल्या आकड्याएवढी, तेलानं काळी झालेली. वर्तमानपत्राच्या घडीत, 'वधू पाहिजे'च्या रकान्यावर अशी आडवी झोपलेली, की जणू कालपासून कुणी हाक मारली नाही म्हणून रुसूनच बसली आहे. आप्पासोंनी आधी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं. हातातला झाडू तसाच धरून ते अंगणातल्या पेरूकडं बघत राहिले. पेरूवर एक पोपट होता. पोपट उडाला. त्यांनी पुन्हा खाली बघितलं. पिन तिथंच होती.

काल जिथं निळी मोटरसायकल उभी होती तिथं फरशीवर तेलाचा एक डाग होता. गाडी सकाळी साडेआठला गेली होती. उचगावातून कोल्हापूर, कोल्हापुरातून पन्हाळा. लेकीला, प्राचीला घेऊन.

आता गाडी खोलून जोडली की काहीतरी उरतंच, ही जगाची रीत आहे. वायसर उरतं, स्क्रू उरतो. उद्यमनगरातल्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या आप्पासोंनी तर हे स्वतःच शंभर वेळा शंभर माणसांना सांगितलं होतं, की अशा उरलेल्या वस्तू जमवून जमवून मी एक अख्खी गाडी उभी केलती, आणि तिला किक मारली तर ती मला तिथंच सोडून एकटीच मलकापूरला निघून गेली, अजून आलेली न्हाय. लोक हसत. आप्पासोही हसत. पण ही पिन कशाची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि दुर्दैव नेमकं तेच होतं. मागच्या ब्रेकची जी गोल पाटी असते, तिला चाकाबरोबर फिरू न देणारी एक लोखंडी पट्टी असते. पट्टीच्या टोकाला बोल्ट, बोल्टला नट, आणि नट हादऱ्यांनी सुटत जाऊ नये म्हणून त्याच्या आरपार घातलेली ही कॉटर पिन. पिन नसली तर नट सुटतो. नट सुटला तर पट्टी निसटते. पट्टी निसटली आणि माणसानं उतारावर ब्रेक दाबला, तर ती पाटी गरकन फिरते, ब्रेकची सळई तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि चाक आवळतं… चालतं चाक. पन्हाळ्याखालच्या वाघबिळाच्या घाटात. मागून-पुढून उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर गाणी लावलेली, हॉर्न ऐकू न येणाऱ्या…

ते खाली बसले. पिन उचलली. हलकी होती. इतकी हलकी वस्तू एवढं वजन कसं तोलते, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना आवडला नाही.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांना आठवलं — सोमवार. सोमवारी तिच्या कचेरीत सकाळी साहेबांची बैठक असते आणि फोन पिशवीत मुका करून ठेवलेला असतो. तर आता ती बैठकीत आहे. म्हणजे पोचली. म्हणजे चढताना काही झालं नाही. चढताना ब्रेक लागतोच कुठं? ब्रेक लागतो उतरताना. उतरायची वेळ पावणेसहा.

तर पावणेसहापर्यंत पोरगी जिवंत आहे, असं त्यांच्या मनानं मांडलं, आणि त्या मांडणीला ते स्वतःच दचकले.

कालचं सगळं आठवत होतं. तेच तर. मी काही म्हातारा झालेलो नाही, सगळं आठवतं. रविवार होता. ब्रेक करकरतोय म्हणाली होती प्राची, म्हणून दुपारी तीनला मागचं चाक काढलं. कागद अंथरला. निघेल ती वस्तू निघेल त्या क्रमानं डावीकडून उजवीकडं मांडली, म्हणजे बसवताना उजवीकडून उचलत यायचं. या शिस्तीनं त्यांनी चाळीस वर्षांत एक सुईसुद्धा चुकवली नव्हती. जुनं लायनर खरवडून काढलं, नवं बसवलं. पिन पाहिली. कॉटर पिन एकदा वाकवली की पुन्हा वापरायची नाही, हा नियम. पण डब्यात नवी नव्हती, म्हणून हीच दगडावर ठेवून हातोडीनं सरळ केली. हो, हे ठोक्याचे डाग. मग — मग आतून बायकोचा, त्रिशलाचा आवाज.

"आवो, दिवस बुडाय आला! अंथऊ करून घ्या आदी, गाडी कुटं पळून जात न्हाय."

पौषातला दिवस, सहालाच कलतो. सूर्य मावळायच्या आत जेवण, म्हणजे अंथऊ, हे आप्पासोंनी आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतानासुद्धा मशीन थांबवून डबा उघडायचे. तर ते तसेच उठले. हात साबणानं धुतले. जोंधळ्याची भाकरी, आमटी, थोडा नवा गूळ. वर तांब्याभर पाणी, कारण नंतर तेही नाही. आणि जेवताना त्रिशला म्हणाली, की तुमच्या त्या कागदावर ही मुंग्यांची रांग लागलीती.

"मग?"

"मग काय? तुमी गुळाचा खडा तितंच ठेवलाता. कागद तसाच अल्लाद उचलला आन पेरूखाली नेऊन धरला. एकेक करून सगळ्या उतरस्तवर उभी हुते बगा. एकबी मेली न्हाय."

"आणि सामान?"

"सामानाला काय हुतंय? मुंग्यांस्नी जीव असतोय."

तर परत येऊन बघतात तो कागदावरचा सगळा क्रम एका ढिगात गोळा झालेला. इथपर्यंत स्वच्छ. मग बल्ब लावला… मग…

मग ते रॉकेलनं हात पुसत होते.

मध्ये काय होतं? मध्ये चाक बसवलं, हे उघड आहे, कारण सकाळी गाडी चाकावर गेली, खांद्यावर नव्हे. पण ते बसवणं कुठं आहे? आप्पासोंनी डोळे मिटले. बल्ब दिसला. ढीग दिसला. मग रॉकेलचा वास. मधल्या जागेत हात घातला तर हाताला काही लागत नव्हतं. अंधारसुद्धा नाही, अंधाराला निदान गारवा असतो.

लहानपणी जैन पाठशाळेत पंडितजींनी स्याद्वादाचे सात भंग घोकून घेतले होते. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति. एका अपेक्षेनं आहे, एका अपेक्षेनं नाही. आहेही आणि नाहीही. सांगता येत नाही… केवढा दिलासा होता त्या घोकण्यात, जगाशी भांडणच नको. पण घाटाच्या उतारावर नटाच्या भोकात पिन एक तर असते, नाही तर नसते. तिथं पंडितजींचं चालत नाही.

"काय झालं वो? झाडू घिऊन बसलासा ते?" त्रिशला दारात आली.

"काय न्हाय. मुंगी बघतोय."

"मारू नगा."

"न्हाय मारत."

त्यांनी पिन मुठीत दाबली. तिला सांगावं? सांगितलं असतं तर ती काही किंचाळली नसती. णमोकार म्हणत आतून चप्पल घालून आली असती आणि म्हणाली असती, उठा, वाटंला लागा. आणि मग विचारलं असतं, असं कसं विसरलासा? बस. त्या एका प्रश्नासाठी आप्पासो गप्प राहिले.

कारण हे पहिलं नव्हतं. दिवाळीनंतर दूध गॅसवर ठेवून ते अंगणात गेले आणि पातेलं काळंठिक्कर झालं. त्यांनी सांगितलं, मी बासुंदी करत हुतो, तुमची घाई नडली. सगळे हसले. मग एकदा देवळातून येताना ते आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि गल्ली त्यांच्याकडं अशी बघत राहिली, जशी कधी भेटलीच नव्हती. अर्धा तास फिरून घरी आले आणि सांगितलं, कुत्रं मागं लागलं म्हणून लांबनं आलो; कुत्रं कसलं, वाघच, पट्टे मी स्वतः मोजले, एकवीस. सगळे हसले. प्राची हसली नाही. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर करून नुसतं पाहिलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पा, एकदा डॉक्टरांकडं जाऊन येऊया का?"

"का? डॉक्टरला काय झालंय?"

त्यावर मात्र तीही हसली. थाप कशी, बरोबर मापाची हवी — भोकाला बसेल अशी, ना सैल ना घट्ट. दिवाळीपासून आप्पासो भोकं बुजवत होते. लोकांना वाटत होतं, म्हातारा रंगात आलाय.

आणि प्राचीनं तसं का पाहिलं, तेही त्यांना ठाऊक होतं. तिनं आजोबांना पाहिलं होतं. आप्पासोंचे वडील शेवटची तीन वर्षं घराच्या याच पायरीवर बसून असायचे, आणि आप्पासो कामावरून सायकल टेकवून आत जायला लागले की मोठ्या अगत्यानं विचारायचे, "या पावणं, बसा. कुटलं गाव म्हणायचं?" पहिल्या दिवशी आप्पासो म्हणाले, "आबा, मी." आबांचं तोंड असं कावरंबावरं झालं, की दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी सांगून टाकलं, मी निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी. आबा खूश. तिसऱ्या दिवशी मिरजेचा तंतुवाद्यवाला. मग रोज एक गाव, रोज एक धंदा, रोज एक अचाट हकिगत. आबा मांडीवर थाप मारून हसायचे, आणि दहा वर्षांची प्राची दाराआडून ऐकायची. लोक म्हणतात आप्पासो थापा मारायला कधी शिकले कुणास ठाऊक. मला ठाऊक आहे. मी बापाचा पाहुणा होऊन शिकलो.

साडेअकराला ते शशिधरच्या दुकानात गेले. नवी पिन घ्यायची, पक्कड घ्यायची, एसटी पकडायची, वर जाऊन गुपचूप बसवून यायची — एवढं ठरवल्यावर छाती जरा मोकळी झाली होती. शशिधर काउंटरमागं ट्यूब फुगवून पाण्यात बुडवत होता. निपाणीकडचं लिंगायत घर, बोलण्यात कानडी हेल, आणि थापांच्या बाबतीत आप्पासोंचा एकमेव तुल्यबळ वैरी. गेल्या वर्षी यानंच गावभर उठवलं होतं, की आप्पासो वारले, आणि दहा माणसं हार घेऊन दारात आली होती.

"काय वो आप्पासो, आज उन्हाचं?"

"एक कॉटर पिन दे. ब्रेकच्या पट्टीची."

शशिधरनं ट्यूब बुडवलेली तशीच ठेवली. पाण्यातनं एक बुडबुडा वर आला.

"काल न्हेलीसा की."

"काल? काल मी घरातनं हललो न्हाय."

"मग तुमचं भूत आलतं व्हय? दिवस बुडल्यावर आलासा, मी दुकान झाडत हुतो. हाताला ग्रीस, पायात चप्पल न्हाय. पिन घेतलीसा, आन उभ्याउभ्या ती पायजम्याची गोष्ट सांगितलीसा. आंबा घाटात क्लचची वायर तुटली, पायजम्याची नाडी काढून बांधली."

"ती तुला ठावं हाय."

"चारदा ठावं हाय! कालची पाचवी. मी म्हटलं, मग पायजमा कसा ऱ्हायला वो? तुमी म्हणालासा, वाऱ्यानं फुगून ऱ्हायला, म्हणून तर गाडीला अ‍ॅव्हरेज मिळालं."

आप्पासो हसले. हसू बरोबर वेळेवर आलं, मापाचं. "तुज्यासारखा थापाड्या सात तालुक्यात न्हाय बग. गेल्या साली मला मारलंस, आता फिरवाय लागलास."

"बसवाण्णाची आन, आप्पासो." आणि शशिधर हसत नव्हता. किंवा हसत होता, पण तो त्या पाण्यात बघून हसत होता… "ही घ्या. सांजच्याला पुन्हा या, सहाव्यांदा ती गोष्ट ऐकतो."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना आप्पासोंनी आपल्या पायांकडं पाहिलं. चप्पल होती. ते थांबले आणि मनातल्या मनात कालच्या संध्याकाळच्या रस्त्यावरून चालून आले: घर, पिठाची गिरण, पाण्याची टाकी, शशिधर. गिरणीपाशी कोण बसलं होतं? टाकीचा नळ गळत होता का? रस्ता होता, रोजचा, हजार वेळचा, पण त्यावरून कालचा आप्पासो चालत नव्हता.

शशिधर मस्करी करतो. करतोच. मेल्याची बातमी उठवणारा माणूस.

आणि जर करत नसेल — तर नवी पिन आणली, म्हणजे बसवली असणार, म्हणजे ही जुनी म्हणूनच कागदावर उरली, म्हणजे पोरगी सुखरूप आहे. या वाटेनं विचार चार पावलं आनंदानं धावत गेला, आणि पाचव्या पावलाला एका अशा दारासमोर येऊन उभा राहिला, की आप्पासोंनी त्याला मानेला धरून मागं ओढलं.

सव्वा वाजता फोन वाजला. ते पायरीवरच बसले होते.

"आप्पा? तीन मिस्ड कॉल? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. काय व्हायचंय?"

"मग?"

हीच वेळ होती. तीन शब्द होते: गाडी चालवू नकोस. घशापर्यंत आले होते. ती विचारेल का; मी म्हणेन पिन; ती म्हणेल बसवली नाहीत? मी म्हणेन… मी काय म्हणेन? 'नाही' म्हणावं तर ते खरं की खोटं मला माहीत नाही. 'हो' म्हणावं तरी तेच. प्राची, मला माहीत नाही — हे एवढंच खरं होतं, आणि ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की परत आत जाणारं नव्हतं.

"आप्पा?"

"जेवलीस का विचारावं म्हटलं."

"तीनदा?" ती हसली. "पोळी-भाजी खाल्ली. संध्याकाळी अंथऊपर्यंत पोचत नाही मी, आईला सांगा, वाट बघू नका. आणि तुम्ही झोपा जरा."

फोन बंद झाला. आप्पासो बराच वेळ त्या काळ्या काचेकडं बघत बसले. काचेत एक म्हातारा होता. मी काय केलं हे? पोरीच्या जिवाशी… त्यांनी संदेश लिहायला घेतला. 'मागचा ब्रेक' एवढं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. मग आत जाऊन खुंटीवरचा सदरा घातला, दोन्ही पिना — जुनी काळी, नवी पांढरी — वरच्या खिशात टाकल्या, पक्कड रुमालात गुंडाळली.

"कुटं निगालासा?" त्रिशलानं विचारलं.

"कोल्हापुरात. एक मित्र आजारी हाय."

"कोण?"

"तू न्हाय वळखत." आणि पायरी उतरताना त्यांना वाटलं, की ही आजची सगळ्यात कमी दर्जाची थाप, हिच्यात वाघ नाही, पायजमा नाही, काही नाही.

"दिवस बुडायच्या आत या," मागून आवाज आला.

एसटी शिवाजी पुलावरून गेली तेव्हा चार वाजत आले होते. पंचगंगेचं पाणी खाली गेलं होतं, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. केर्लीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एकीमागं एक, पाचट रस्त्यावर सांडत, ट्रॅक्टरवर गाणं, ड्रायव्हर गाण्यात. प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या चाकांकडं आप्पासो बघत होते. त्या चाकांखाली काहीतरी निळं… नाही. पाचटाचा तुकडा. खिशातल्या दोन पिना गाडीच्या हादऱ्यानं एकमेकींवर वाजत होत्या, इतक्या बारीक, की तो आवाज कानाला येत होता की छातीला, ते कळत नव्हतं.

नट काही एका दिवसात सुटत नाही. माझ्या हातानं आवळलेला नट पिनेशिवायही महिना काढतो. पण माझ्या हातानं आवळला का? आवळल्यावर प्रत्येक नटावर मी नेलपॉलिशचा ठिपका देतो. प्राचीनंच आपली बाटली देऊन टाकली होती — घ्या आप्पा, माझ्यापेक्षा तुमच्या नटांनाच शोभतंय. नट हलला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं. काल दिला का ठिपका? बाटलीचं झाकण उघडल्याचा तो गोडसर वास… रॉकेल. फक्त रॉकेल.

वाघबिळाचं वळण आलं आणि गाडी कण्हत चढायला लागली. खाली दरीत कोवळं ऊन होतं. आणि तिथं, त्या वळणावर, ड्रायव्हरनं गिअर टाकल्याच्या धक्क्यासरशी आप्पासोंच्या मनात एक वाक्य आलं. ते त्यांनी आणलं नाही. ते आपोआप आलं, पायातल्या मुंग्यांसारखं.

पिन नसू दे.

नसू दे. भोक रिकामं असू दे. म्हणजे शशिधर खोटा. म्हणजे मी दुकानात गेलोच नव्हतो, अनवाणी चाललो नव्हतो, पाचव्यांदा ती गोष्ट सांगितली नव्हती. म्हणजे मुंग्यांच्या पायी क्रम मोडला आणि म्हाताऱ्याच्या हातून एक पिन राहिली — कुणाच्याही हातून राहील, उस्तादाच्या हातूनही — वर जाऊन बसवली, संपलं. नुसती चूक. केवढी सुंदर गोष्ट असते नुसती चूक…

मग त्यांना कळलं, की आपण काय मागितलं. ज्या पोरीला सायकल शिकवताना ती पडू नये म्हणून मागं धावत छाती फुटली होती, तिच्या चाकातली पिन नसू दे, असं मी मागितलं. घाटात. देवाकडं. एवढं समजल्यावर मागणं मागं घ्यावं, तर ते मागंही जाईना. ते तिथंच बसून राहिलं, शेजारच्या रिकाम्या सीटवर, तिकीट काढून बसावं तसं.

कचेरीच्या आवारात जुन्या वडाखाली गाड्यांची रांग होती. निळी मोटरसायकल तिसरी. साडेपाच वाजून गेले होते. आप्पासो चालत गेले, धावले नाहीत. चष्मा पुसला. उगाचच एकदा वडाच्या पारंब्या पाहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून, एकेक हाड मोडत, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले.

पट्टी होती. बोल्ट होता. नट होता. आणि नटातून आरपार, पांढरी स्वच्छ, नवी कोरी पिन.

तिचा एक पाय वर वळवून बोल्टच्या डोक्यावर बसवला होता, दुसरा कापून नटाच्या कडेला घट्ट दाबला होता. ही वळवणी आख्ख्या उद्यमनगरात एकच माणूस करायचा. त्याला ती कारखान्यातल्या त्याच्या उस्तादानं शिकवली होती, आणि त्यानं ती कुणाला शिकवली नव्हती. वर नेलपॉलिशचा लाल ठिपका. वाळलेला. अखंड.

आप्पासोंनी बोट लावलं. इतकं नीट काम आपण गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कुणी केलं हे? त्यांनी बोटाकडं पाहिलं — नखाच्या कडेला लाल रंगाची एक बारीक रेघ होती. कालपासून होती. सकाळी झाडू धरताना होती, फोन लावताना होती, शशिधरला थापाड्या म्हणताना काउंटरवर हेच बोट टेकवलं होतं. दिवसभर माझ्याच हातावर लिहिलेलं होतं आणि मला वाचता आलं नाही.

पोरगी वाचली. हे त्यांनी मनात शब्दांनी म्हणून पाहिलं. पोरगी वाचली. आनंद व्हायला हवा होता. तो कुठंतरी जवळपास होताही, वडाच्या पलीकडं, कुणाच्या तरी घरातल्या लग्नाच्या वाजंत्रीसारखा.

"ओ पावणं!" पायऱ्यांवरून शिपाई ओरडला. "कुणाच्या गाडीला हात लावतायसा? कुटलं गाव म्हणायचं?"

आप्पासो उकिडवेच राहिले. त्यांना उत्तर ठाऊक होतं. निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी. मिरजेचा, तंतुवाद्यवाला. एक हजार गावं जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली, सगळी, आपापल्या हकिगती घेऊन. फक्त एक गाव यायला क्षणभर उशीर झाला. क्षणभरच. पण झाला.

"उचगाव," ते म्हणाले.

"आप्पा?" शिपायाच्या मागून हेल्मेट हातात घेऊन ती पायऱ्या उतरत होती, कपाळावर आठी. "तुम्ही इथं कसे?"

मापाची थाप हवी होती. त्यांनी खिशात हात घातला, जशी ती तिथंच ठेवलेली असावी. हाताला दोन पिना लागल्या. मग त्यांनी भलतंच काहीतरी केलं. तिच्या चेहऱ्याकडं बघत तिचं नाव आधी आतल्या आत एकदा फिरवून पाहिलं — नव्या बोल्टला नट बोटांनी फिरवून बघतात तसं, आटे धरतात का ते — आणि मग हाक मारली.

"प्राची."

"हो, मीच. काय झालं?"

"काय न्हाय. चल, दिवस बुडाय आला."

ती काही क्षण बघत राहिली, तशीच, भाजी निवडताना पाहिलं होतं तशी. मग तिनं गाडी काढली. ते मागं बसले. या गाडीवर मागं ते कधी बसले नव्हते. हात कुठं ठेवायचे कळेना, म्हणून मांडीवर ठेवले, लाल रेघ वर येईल असे.

उतार लागला. पहिलं वळण. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी हळू झाली. ना करकर, ना हिसका. दुसरं वळण. पुन्हा तसंच. प्रत्येक वळणावर ब्रेक अचूक लागत होता, आणि प्रत्येक वेळी आप्पासोंच्या आत काहीतरी एकेक आटा सैल होत होतं. खाली दूर उसाच्या ट्रॉल्यांचे दिवे लागायला लागले होते. ती सुखरूप उतरत होती. तिच्या पाठीमागं बसलेला माणूस कुठं उतरत होता, ते तिला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं. 

मग तिनं मान जराशी मागं वळवली. वाऱ्यात तिचा आवाज तुटत तुटत आला.

"ब्रेक झकास लागतोय हो, आप्पा… काय केलंत नक्की काल?"

प्रश्न वाऱ्याबरोबर मागं निघून गेला नाही. तो दोघांच्या मध्ये, सीटवर, थांबून राहिला. नाडी, पायजमा, वाघ, सगळे जिभेपाशी आले आणि उभ्याउभ्या मागं वळले. आप्पासोंनी मांडीवरचा एक हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला, पडू नये म्हणून. तिसरं वळण आलं. त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर खरंच ऐकायचं होतं.